गणवेशाच्या युनिटमध्ये क्लॅम्प मीटर: वापरून झाल्यावरचं मत

आधी मत सांगते, मग कारणं. दहा-बारा मशीनचं युनिट चालवणाऱ्या कुणीही दोन हजारांच्या आतबाहेरचा, ‘ट्रू आरएमएस’ (म्हणजे काय ते पुढं येईल) लिहिलेला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला जबडा लावून करंट मोजणारा मीटर, घ्यावा. पैसे वाया जात नाहीत. अडीचशे रुपयांत मिळणारा छोटा पिवळा मल्टिमीटर मुलांच्या प्रयोगाला आणि रिमोटचे सेल तपासायला ठीक आहे, पण मेन बोर्डाजवळ त्याला नेऊ नका. आणि कुठलाही घेतला तरी स्क्रीनवरचा आकडा नक्की कशाचा आहे ते कळायला हवं. दुकानदार ते शिकवत नाही आणि खोक्यातला मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद तर मुळीच नाही.

आमचं युनिट अक्कलकोट रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये. शाळेचे गणवेश शिवतो. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आणि टॉवेल आठवतो, पण इथं गणवेशाची युनिटं किती आहेत ते जून जवळ आला की कळतं. तेव्हा कारागीर मिळत नाहीत, काज करून देणारा फोन उचलत नाही आणि गावातला प्रत्येक इस्त्रीवाला बुक असतो. आमच्याकडं शिलाई मशीन, दोन ओव्हरलॉक, एक काज मशीन आणि हॉलच्या पार शेवटच्या टेबलावर दोन इस्त्र्या. बहुतेक बायका घरी तेलुगू बोलणाऱ्या, त्यामुळं मी सगळ्यांची अक्का. शिक्षण बी.कॉम. विजेचं म्हणाल तर दहावीचं विज्ञानाचं पुस्तक, तेही मुलीचं.

मीटर नव्या पेठेतल्या एका दुकानातून घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच साचा वेगवेगळ्या नावांचे स्टिकर लावून विकला जातो. नावापेक्षा डायलवर आणि पाठीवर काय छापलंय ते वाचा. दुकानदारानं मात्र एक गोष्ट फार छान केली. काउंटरवरच्या टेबल फॅनच्या वायरीला मीटरचा जबडा लावला. पंखा जोरात फिरतोय आणि स्क्रीनवर शून्य. मी म्हटलं, “बंद आहे का मीटर?” तो म्हणाला, “दोन्ही वायरी एकदम धरल्या की शून्यच येणार मॅडम. एकच धरायची.”

त्या शून्यात अर्धं शास्त्र आहे, म्हणून जरा थांबून सांगते. वायरीतून करंट वाहिला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना १८२० मध्ये तारेजवळची होकायंत्राची सुई हललेली दिसली ती यामुळंच. हे क्षेत्र सतत बदलत असेल तर जवळच्या तारेच्या वेढ्यांत वीज तयार होते, हे फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलं. मीटरच्या जबड्यात लोखंडी गाभा असतो आणि त्यावर बारीक तारेचे पुष्कळ वेढे. आपली वायर जबड्यातून गेली की तीही एक वेढा झाली. म्हणजे हातात धरलेला हा एक ट्रान्सफॉर्मरच. वायर कापायला नको, सोलायला नको, सर्किट तोडून मीटर मध्ये घालायला नको.

आता पंख्याकडं फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो. वाटेत कुठं साठत नाही, हरवत नाही. दिशा उलटी, म्हणून दोन्ही वायरींची क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात आणि मीटर शून्य दाखवतो. बोर्डातली आरसीसीबी, जिला आमचा वायरमन अजून ईएलसीबीच म्हणतो, ती दिवसरात्र हेच शून्य राखत बसलेली असते. गेलेला आणि परत आलेला करंट यांत फरक पडला, म्हणजे मधला काही करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा मशीनच्या पत्र्यातून जमिनीत चालला, की ती पडते. माणसांच्या जिवासाठी जी लावतात ती ३० मिलीअँपिअरची असते. एवढी बारीक गळती माझ्या मीटरला विश्वासानं मोजता येत नाही. त्यासाठी लीकेज क्लॅम्प वेगळा मिळतो आणि तो महाग आहे.

अजून एक मर्यादा इथंच सांगते. जबड्याला बदलतं क्षेत्र लागतं, म्हणून हा फक्त एसी करंट मोजतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीतून किंवा सोलरच्या पॅनेलमधून किती डीसी करंट येतोय ते बघायचं असेल तर ‘हॉल सेन्सर’वाला, म्हणजे न बदलणारं चुंबकीय क्षेत्रही ओळखणारा, क्लॅम्प मागा. खोक्यावर ‘एसी/डीसी’ छापलंय म्हणून खूश होऊ नका. बऱ्याचदा त्यातलं डीसी फक्त व्होल्टेजपुरतं असतं.

आता ज्या कामासाठी घेतला ते काम. मे महिन्यात इस्त्रीवाले मामा रोज एकच सांगायचे, “अक्का, दोन्ही इस्त्र्या लावल्या की एक पण नीट तापंना बगा.” त्याच वेळी शेजारच्या ओव्हरलॉकचा दिवाही मंद व्हायचा. वायरमनचं उत्तर तयार होतं, “वैनी, वरनंच व्होल्टेज कमी येलालंय. आपण काय करणार?” उन्हाळ्यात हे वाक्य सोलापुरात कुठंही चालून जातं. गावभर कूलर लागलेले असतात, कोण नाही म्हणणार?

मीटर आल्यावर पहिल्यांदा इस्त्र्या बंद ठेवून मोजलं. मेन बोर्डावर २३१ व्होल्ट, शेवटच्या टेबलाच्या सॉकेटवरही २३१. वायरमन म्हणाला, “बगा, बरोबर हाय.” मग दोन्ही इस्त्र्या लावून मोजलं. बोर्डावर २२७. सॉकेटवर २१४. म्हणजे ‘वरनं’ कमी झाले चार व्होल्ट, आणि आमच्याच शेडमध्ये, आमच्याच वायरीत, गळाले तेरा.

पहिल्या वेळी दोन्हीकडं सारखे का आले? गल्लीच्या शेवटच्या घरातला नळ आठवा. सगळ्यांच्या मोटारी बंद असतील तर तिथंही प्रेशर झकास असतं, पण पाण्याच्या दिवशी सगळ्यांनी मोटारी लावल्या की त्या घरात धार करंगळीएवढी. करंट वाहत नसेल तर वायरीत व्होल्टेज खर्च होत नाही. कितीही बारीक, कितीही कुजकी वायर असो, मीटर टोकाला पूर्ण २३१ दाखवणारच. म्हणून माझं सगळ्यात ठाम म्हणणं हे की, सर्किटची तपासणी ते कामाला जुंपलेलं असताना करा. रिकाम्या सर्किटवरचं रीडिंग घेऊन कुणी ‘बरोबर हाय’ म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि इस्त्री लावा.

पुढचं गणित दहावीच्या पुस्तकातलं. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. कोलोनला शाळेत शिकवणाऱ्या ओहम यांनी हे १८२७ मध्ये पुस्तक काढून मांडलं. क्लॅम्पनं इस्त्रीच्या लाइनचा करंट आला ८.१ अँपिअर. गळालेले १३ व्होल्ट भागिले ८.१, म्हणजे वाटेतला रोध १.६ ओहम. वायर होती १ चौरस मिलिमीटरची. बोर्डापासून टेबलापर्यंत तीस मीटर, पण करंट जातो आणि परतही येतो, म्हणून साठ मीटर धरायची. एवढ्या जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १८ ओहम असतो, तर साठ मीटरला होतो १.१. मग राहिलेला अर्धा ओहम कुठला?

वायरीत एवढा नसेल तर जोडात. अर्धा ओहम ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण उष्णता ठरते करंटच्या वर्गावर: ८.१ गुणिले ८.१ गुणिले अर्धा, झाले साधारण ३३ वॅट. मोबाइल-रेडिओ दुरुस्तीवाले वापरतात ती सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे आमच्या भिंतीत कुठंतरी चालू सोल्डरिंग इस्त्री ठेवल्यासारखी होती, आणि खाली कापडाच्या थप्प्या.

वायरमननं मेन बंद करून एकेक जंक्शन बॉक्स उघडला. न्यूट्रलचा एक जोड नुसता पिळून त्यावर टेप गुंडाळलेला सापडला. टेप काळी पडून वायरीला चिकटलेली, आणि वरचं इन्सुलेशन पापडासारखं तुटत होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “हे माझं काम न्हाय वैनी, पहिल्याचं हाय.” खरं असावं. शेड घेतली तेव्हा वायरिंग आधीपासूनच होतं.

इथं अनेकांना वाटतं की असं काही झालं तर एमसीबी पडेलच. नाही पडणार. त्या लाइनला १६ अँपिअरची एमसीबी होती आणि तिच्यातून जात होते आठ. तिच्या दृष्टीनं सगळं आलबेल. सैल जोडानं करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्ट ओळखते, सैल जोडाची गरमी तिला दिसत नाही. आरसीसीबीलाही दिसत नाही, कारण गेलेला करंट पूर्ण परत येतोय.

आणि मामांची तक्रार किती खरी होती तेही निघालं. इस्त्रीचे वॅट व्होल्टेजच्या वर्गानुसार बदलतात. २३० ला दोन इस्त्र्या मिळून २००० वॅट. २१४ ला सतराशे तीसच्या आसपास. व्होल्टेज सात टक्के कमी, उष्णता तेरा टक्के कमी.

नंतर त्या लाइनला २.५ चौरस मिलिमीटरची सलग वायर ओढली, मध्ये जोड नाही. आता दोन्ही इस्त्र्या चालू असताना बोर्डावर २२७ असेल तर टेबलावर २२३ मिळतात. एक गोष्ट ध्यानात असू द्या: तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला जवळजवळ ०.४ टक्के. पत्र्याखालून गेलेला पाइप आपल्या मे महिन्यात किती तापतो ते हात लावून बघा. गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत घेतलेलं रीडिंग उन्हाळ्यात तसंच येईल असं धरून चालू नका. वायर निवडताना एक साइज वरची घ्या.

मीटरच्या ‘बीप’बद्दल. डायलवर घंटीसारखं चिन्ह असतं. दोन टोकांत तार सलग असेल तर मीटर वाजतो. वायरमनला हे फार आवडलं, प्रत्येक ठिकाणी वाजवून बघायचा. पण बहुतेक मीटर काही दहा ओहमांच्या आत काहीही असलं तरी वाजतात. तो जळका जोड अर्ध्या ओहमचा होता. मीटर आनंदानं वाजला असता. बरं, ओहमच्या रेंजवर ठेवून तरी कळेल का? मीटरच्या स्वतःच्या दोन प्रोब एकमेकींना टेकवल्या तर ०.२-०.३ ओहम दिसतात. त्यात अर्धा ओहम काय ओळखणार? पुन्हा तेच: करंट वाहू द्या आणि जोडाच्या दोन बाजूंना किती व्होल्ट पडतात ते मोजा. तार तुटली आहे का, यासाठी बीप उत्तम. जोड चांगला आहे का, यासाठी निरुपयोगी. आणि बीप किंवा ओहम, दोन्ही वीज बंद करूनच.

याच्या उलटी गंमतही होते. मागच्या भिंतीवरच्या एका बंद पडलेल्या सॉकेटवर मीटरनं ७० व्होल्ट दाखवले. टेस्टरही मिणमिणला. ना धड २३०, ना शून्य. कुठून आले? त्या सॉकेटची फेजची वायर मागं कुठंतरी तुटलेली होती, पण पाइपात ती दुसऱ्या चालू वायरीला लगटून गेलेली. दोन वायरी शेजारी-शेजारी म्हणजे एक नकळत तयार झालेला कपॅसिटर, ज्याला वायरमन लोक कंडेन्सर म्हणतात. त्यातून किंचितसा करंट झिरपतो. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम. तो सर्किटमधून जवळपास काहीच घेत नाही, म्हणून असलं नावापुरतं व्होल्टेजही त्याला दिसतं.

इथं वायरमनची जुनी सिरीज लॅम्प भारी ठरली. शंभरचा पिवळा बल्ब, होल्डर, दोन वायरी. बल्ब लावला आणि भुताटकीचे ते सत्तर व्होल्ट क्षणात गायब. बल्ब करंट मागतो आणि तो द्यायला पाठीमागं कुणी नव्हतं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, “बगा वैनी, तुमचा दोन हजाराचा मीटर आणि माझा बल्ब.” मान्य. हल्लीच्या महागड्या मीटरमध्ये यासाठी ‘लो-झेड’ नावाची वेगळी रेंज असते. माझ्यात नाही. हा त्याचा एक वजा गुण.

त्याच बल्बवरून मुलीनं एक कोडं काढलं. मीटर ओहमवर ठेवून तिनं बल्बचा रोध मोजला, चाळीसेक ओहम आला. ओहमच्या नियमानं २३० भागिले ४० म्हणजे पावणेसहा अँपिअर, म्हणजे तेराशे वॅट. शंभरचा बल्ब तेराशे वॅटचा कसा? मी गप्प. संध्याकाळी तिनंच पुस्तकातून शोधून काढलं: थंड टंगस्टनचा रोध फार कमी असतो. पेटल्यावर फिलामेंट दोन हजार अंशांच्या वर जाते आणि रोध वाढून सव्वापाचशेच्या पुढं जातो. लावल्याच्या पहिल्या क्षणी खरंच इतका करंट उसळतो, म्हणून जुने बल्ब बहुधा बटण दाबतानाच जायचे. दहावीत मुलं असतील तर एवढ्या एका गोष्टीसाठी मीटर घरी असावा.

अर्थिंगच्या बाबतीत मात्र या मीटरवर भरवसा ठेवू नका. फेज आणि अर्थ यांत मीटर लावला की २३० च्या जवळ आकडा येतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण वरचंच कारण लावून बघा. मीटर करंटच घेत नाही, त्यामुळं अर्थिंगचा रोध दोन ओहम असो की दोनशे, आकडा तोच दिसणार. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते; कोळसा-मीठ घातलेला खड्डाही कोरडा पडला की जमिनीशी संपर्क उरत नाही. आमच्याकडं आता त्या खड्ड्यात पाणी सोडायचं काम ठरलेल्या बाईकडं आहे. फेज आणि अर्थ यांत बल्ब लावून बघणारे वायरमन मी पाहिलेत. तसं करू देऊ नका; अर्थिंग खरंच खराब असेल तर तेवढा वेळ सगळ्या मशीनच्या पत्र्यात व्होल्टेज येऊ शकतं. अर्थिंग मोजायचं यंत्र वेगळं असतं, अर्थ टेस्टर. परवानाधारक ठेकेदाराकडून वर्षातून एकदा पावसाळ्याआधी मोजून घ्या.

मशीनच्या मोटारी. आमच्याकडं काही जुन्या क्लच मोटारी आहेत, काही नव्या सर्वो, म्हणजे पायडल दाबलं तरच फिरणाऱ्या. क्लच मोटार पायडल सोडलं तरी घुमतच असते. तिच्यावर क्लॅम्प लावला तर मशीन उभं असतानाही सव्वा अँपिअर दिसतात. त्याला २२८ नं गुणून मी वहीत २८५ वॅट लिहिले होते, पण ते वॅट नव्हेत. रिकाम्या मोटारीत करंट आणि व्होल्टेज एका तालात नसतात. बराचसा करंट नुसता चुंबकीय क्षेत्र उभं करायला जातो आणि परत येतो. गुणाकार येतो तो व्होल्ट-अँपिअरचा, खरे वॅट त्याच्या निम्म्याहून कमी असू शकतात. बिलाचा अंदाज हवा असेल तर वीज मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा मोजा. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० इम्पल्स लिहिलंय, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. एवढं असूनही निकाल सर्वोच्याच बाजूनं आहे, कारण पाय उचलला की तिचा करंट जवळपास नाहीसा होतो. आणि आमच्या बायका धागा ओवण्यात, तुकडा जुळवण्यात, गप्पांत मिळून मशीनला पुष्कळ विश्रांती देतात.

सर्वोच्या करंटसाठीच ‘ट्रू आरएमएस’ लागतो. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा खाली-वर होते. २३० हा तिचा शिखराचा आकडा नाही. शिखर ३२५ व्होल्टला असतं. २३० व्होल्ट डीसीनं जेवढी उष्णता दिली असती तेवढीच ही देते, म्हणून तिला २३० म्हणायचं. साधा मीटर सरासरी काढतो आणि तिला १.११ नं गुणून आकडा दाखवतो. लाट गुळगुळीत असेल तर उत्तर बरोबर येतं. पण सर्वो, एलईडी, कॉम्प्युटर यांचा करंट टोकदार झटक्यांनी ओढला जातो आणि तिथं साधा मीटर चाळीस टक्क्यांपर्यंत कमी दाखवू शकतो. कमी दाखवणं जास्त वाईट, कारण वायर तापत असते आणि आपण खूश असतो.

डायलवर हर्ट्‌झची, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा खाली-वर होते त्याची, एक जागा आहे. कामाचा उपयोग शून्य, पण मला तिचं वेड लागलंय. आकडा ४९.९५, ५०.०१ असा जरासाच हलत राहतो. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळीकडं या क्षणी हाच आकडा असतो, आणि त्यात आपल्या गावाचा हात आहे: ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची (किलोव्होल्टची) लाइन चालू झाली, तेव्हा दक्षिणेचा ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बाकी देशाच्या ग्रिडला जोडला जाऊन एका ठेक्यात आला. पाहुण्यांना मी सिद्धेश्वराचं मंदिर सांगायच्या आधी हे सांगते. फार कुणाला कौतुक वाटत नाही.

शेजारचे यंत्रमागवाले काका मीटर उसना नेतात. त्यांच्या मागांना थ्री फेज. एक मोटार गुरगुरत गरम होत होती. तीन वायरींवर पाळीपाळीनं क्लॅम्प लावला तर दोनमध्ये करंट वाढलेला, तिसरीत शून्य. स्टार्टरचा एक पॉइंट जळलेला होता. एक फेज गेला की उरलेल्या दोघांवर जवळपास पावणेदोन पट ओझं येतं आणि वायंडिंग जळतं. नवीन वायंडिंगचा खर्च या मीटरच्या किमतीहून जास्त झाला असता, असं काकांनीच सांगितलं. तरी स्वतःचा घेत नाहीत.

तक्रारी आहेतच. काही मिनिटं हात लावला नाही की मीटर आपोआप बंद पडतो, नेमका दोन्ही हात अडकलेले असताना. मागचा लाइट तर डोळे मिचकावण्याइतकाच टिकतो. मेन बोर्ड अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तर टॉर्च धरायला माणूस लागतो. मशीन चालू असताना बीप ऐकूच येत नाही. बॅटरीचं चिन्ह दिसायला लागलं की सेल लगेच बदला, नाहीतर आकडे चुकायला लागतात. लहान करंट मोजताना शेवटचा अंक नाचतो. त्यावर उपाय म्हणजे वायर लांब असेल तर तिचे जबड्यात दहा वेढे घ्या आणि आलेला आकडा दहानं भागा. आणि हो, मशीनची केबल एकच गोल असते, त्यात तिन्ही वायरी आत. तिला क्लॅम्प लावून शून्यच दिसेल. त्यासाठी वायरमनकडून फूटभर एक्स्टेंशन करून घ्या, ज्यात फेज, न्यूट्रल, अर्थ वेगवेगळ्या दिसतील. प्रत्येकीचं इन्सुलेशन मात्र शाबूत हवं.

स्वस्त पिवळ्याला मेन बोर्डापासून लांब का ठेवायचं तेही सांगते. करंट मोजायला त्याला सर्किटच्या मध्ये घालावं लागतं आणि त्याच्या १० अँपिअरच्या भोकाला बहुतेक वेळा आत फ्यूजच नसतो. प्रोब त्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्टेज बघायला फेज-न्यूट्रलला टेकवली तर मीटर नाही, थेट शॉर्ट लावलात. क्लॅम्पमध्ये ते भोकच नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. पाठीवर ‘कॅट’ची रेटिंग बघा: सॉकेटवर चालणाऱ्या वस्तूंना कॅट दोन, डिस्ट्रिब्यूशन बोर्डाला कॅट तीन, बाहेरून येणाऱ्या मेन सर्व्हिसला कॅट चार. वीज पडली किंवा लाइनवर काही उसळी आली तर मीटर हातात फुटू नये, यासाठीची ही प्रतवारी. मात्र छापणं फुकट असतं. प्रोबची पकड गुळगुळीत, बोटं अडवणारी कड नसलेली असेल तर पाठीवर काहीही लिहिलेलं असो, ठेवून द्या.

माझ्या मीटरबरोबर आलेल्या प्रोब कडक आणि आखूड निघाल्या. पुढच्या महिन्यात चांगल्या सिलिकॉनच्या, टोकाला टोपी असलेल्या वेगळ्या घेतल्या, चारशेच्या आसपास पडल्या. ते पैसे आधीच धरून ठेवा. चेनची पिशवी देतात ती काही कामाची नाही. आम्ही उरलेल्या खाकी कापडाची शिवली.